सिनेगॉगच्या कमिटीत तरुण माणसं: जाणारेत हे धरूनच तयार करा

तुझा प्रश्न पूर्ण वाचला. म्हणजे असं की ठाण्या-मुंबईकडच्या एका सिनेगॉगच्या (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या) कमिटीवर तुला नुकतंच घेतलंय, वय सत्तावीस, तुझ्यानंतरचा सगळ्यात तरुण मेंबर अठ्ठावन्नचा, आणि अमेरिकेतल्या ज्यू संस्था करतात तसा लीडरशिप प्रोग्राम आपल्या बेने इस्राएल (म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू) पोरांसाठी दोन दिवस लोणावळ्याला घ्यावा का, त्यातून पुढचे पदाधिकारी मिळतील का. मी बरीच वर्षं कमिटीत काढलीत, आधी खजिनदार मग सेक्रेटरी, म्हणून लिहितेय. वयाने मोठी आहे तेव्हा अरेतुरे करते, राग मानू नकोस.

वर्कशॉप करायचाय तर कर. पोरं येतील, जेवण बरं असेल तर नक्की येतील, फोटो छान येतील. पदाधिकारी मिळणार नाहीत. कारण पोरांमध्ये गुण कमी आहेत म्हणून हे अडलेलंच नाहीये, ऑफिसात टीम सांभाळणारी, कोट्यवधीचे प्रोजेक्ट चालवणारी पोरं आहेत आपल्याकडे, त्यांना कॉन्फिडन्स शिकवायला कोण लागतं? अडलंय ते इथे की कमिटीत आल्यावर त्यांच्या हातात काहीच दिलं जात नाही. खुर्च्या लावायला, लाइव्ह करायला, पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला तरुण, आणि चेकवर सही, ट्रस्टची फाइल, कपाटाची किल्ली सगळं त्याच दोन-तीन माणसांकडे. दोन वर्षं खुर्च्या लावून पोरगा शहाणा होतो आणि येईनासा होतो.

दुसरं, जे मीटिंगमध्ये कुणी उघड बोलत नाही पण सगळ्यांच्या डोक्यात असतं: तयार केलेला माणूस जाणार. हे आपल्याकडे आजचं नाही. १९४८ च्या सुमारास विसेक हजार बेने इस्राएल होते, मग पन्नास-साठच्या दशकात बोटी आणि विमानं भरभरून लोक गेले, आणि जाणाऱ्यांत शिकलेले, कर्ते, सिनेगॉग चालवणारेही होते. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या देशात ज्यू साडेचार हजारांच्या आसपास, त्यातले अडीच हजारांच्या आसपास महाराष्ट्रात. तिकडे इस्राएलमध्ये लोद, अश्दोद, दिमोना, बीरशेबा, रामला इथे भारतातून गेलेल्यांची लेकरं-नातवंडं धरून सत्तर-ऐंशी हजार. आता तर फक्त अलिया (इस्राएलला जाऊन कायमचं राहणं) नाही, कॅनडा आहे, ऑस्ट्रेलिया आहे, दुबई आहे. तूही पाच वर्षांनी इथे असशील का हे तुझं तुलाच माहीत.

यावर आपल्या म्हाताऱ्यांचं ठरलेलं उत्तर असतं, "त्याला कशाला शिकवायचं, तो जाणारच आहे." मी हे इतक्यांदा ऐकलंय की मला त्याचा खरंच राग येतो. अरे तो जाणार आहे म्हणूनच लवकर शिकवा, आणि एकाला नाही, चौघांना शिकवा. एक वारस शोधून त्याला दहा वर्षं घडवायचं ही पद्धत जिथे माणूस गावातच राहतो तिथली, आपल्याकडे ती चालत नाही. आपल्याला हवीत दोन वर्षं मनापासून काम करणारी आणि जाताना काम दुसऱ्याच्या हातात नीट ठेवून जाणारी माणसं. एसटीच्या डेपोत ड्रायव्हर बदलतो तरी सकाळची गाडी सुटते ना, तेवढंच. म्हणजे प्रत्येक पदाला जोडी लावायची, एक जुना एक नवा, मुदत दोन वर्षांची, आणि प्रत्येक कामाची एक वही. वही म्हणजे खरंच वही हं, गूगल डॉक केलास तरी चालेल पण पासवर्ड एकाकडेच नको, आमच्याकडे एक जण तेल अवीवला उतरला आणि त्याच्याबरोबर ईमेलचा पासवर्डही उतरला.

आता खरं काम कुठलं द्यायचं ते सांगते, कारण लीडरशिप वगैरे सगळं त्यातच आहे.

पहिलं म्हणजे ट्रस्टचे कागद. आपली बहुतेक सिनेगॉगं १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली आहेत. ट्रस्टी बदलला, वारला, राजीनामा दिला की कलम २२ खाली चेंज रिपोर्ट ९० दिवसांत चॅरिटी कमिशनरकडे द्यावा लागतो. किती ठिकाणी दिलेला असतो? कागदावर अजून असे ट्रस्टी दिसतात ज्यांची कबर वरळीला किंवा अश्दोदला आहे. मग बँकेत सही बदलायला गेलं की बँक म्हणते पीटीआरचा (ट्रस्टच्या सरकारी नोंदवहीचा) उतारा आणा, उताऱ्यावर जुनी नावं, आणि तिथून पुढे वर्ष-दीड वर्ष चकरा. हे काम एका तरुण मुलीला किंवा मुलाला दे, वकिलाबरोबर बसव, तारखेला पाठव. त्यात सिनेगॉग कसं चालतं हे त्याला जेवढं कळेल तेवढं लोणावळ्यात कळणार नाही, आणि दुसरं असं की एकदा फाइल पाठ झाली की त्याला कुणी गप्प बसवू शकत नाही. मीटिंगमध्ये आवाज त्याचाच ऐकतात ज्याला कागद माहीत असतो.

दुसरं जमीन. विशेषतः कोकणातली. रेवदंडा, अलिबाग, पनवेल, पेण, रोह्याजवळचं अष्टमी, म्हसळा, बोर्ली, नांदगाव, ही सगळी आपली गावं, आडनावं तिथलीच, किहीमकर, रोहेकर, पेणकर, नवगावकर, चेऊलकर, झिराडकर. अलिबागचं मागेन आबोथ १८४८ चं, पनवेलचं बेथ एल १८४९ चं. गावात एक-दोन घरं उरली असली तरी कबरस्तान असतं, विहीर असते, कुठे चार गुंठे असतात, आणि अलिबागकडे जमिनीचे भाव काय झालेत ते तुला मी सांगायला नको. सातबाऱ्यावर नाव कोणाचं, कुंपण कुठपर्यंत, हे बघणारं कोणी नसलं की पुढे काय होतं ते मी नावं न घेता एवढंच म्हणेन की सुखाचं होत नाही. ट्रस्टची जमीन विकायला कलम ३६ खाली आधी परवानगी लागते, हे निदान दोन तरुणांना तोंडपाठ पाहिजे. त्यांना वर्षातून दोनदा तलाठ्याकडे पाठवा, नवगावच्या जुन्या कबरस्तानात फिरवा. आपले पूर्वज तिथेच बोट फुटून किनाऱ्याला लागले ही गोष्ट लहानपणी ऐकलेली असतेच, तिथे उभं राहून सातबारा वाचला की ती जरा वेगळी लागते.

तिसरं पैसा. पावतीपुस्तक, ऑडिट, १२ए आणि ८०जीचं (आयकर सवलतीच्या नोंदणीचं) नूतनीकरण, आणि बाहेरून डोनेशन येत असेल तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा. २०२० च्या दुरुस्तीपासून परदेशी पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मेन ब्रँचमधल्या खात्यातच यावा लागतो, रजिस्ट्रेशन पाच वर्षांचं. आपल्या संस्थांचे निम्मे नातेवाईक परदेशात, त्यामुळे कोणीतरी प्रेमाने मामाच्या खात्यावर डॉलर पाठवतो आणि मग मामा ते रोख आणून देतो, असले प्रकार बंद व्हायला हवेत. हे समजणारा तरुण खजिनदाराच्या शेजारी बसव. जॉइंट सहीवर त्याचं नाव टाक, नुसतं "सहाय्यक" म्हणून नको.

एवढं तिघांना दिलंस की तुझा प्रोग्राम झाला म्हणून समज.

हज्जानचं, म्हणजे प्रार्थना म्हणवून घेणाऱ्याचं, मात्र वेगळं आहे आणि ते कमिटीत मिसळू नकोस. आपल्याकडे स्वतःचे रब्बी (धर्मगुरू) कधी नव्हते, पूर्वी गावोगाव काझी असायचे, ते घराण्यात चालायचं, मग मुकादम (प्रमुख), चौगुला (त्याचा मदतनीस), गबाई (खजिनदार), शमाश (सिनेगॉगची देखभाल करणारा) ही पदं आली, आणि प्रार्थना हज्जानवर. आज हिब्रू नीट वाचणारा, सूर माहीत असणारा माणूस मिळणं हीच मारामार, त्यात मिन्यानला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेच्या किमान संख्येला, दहा पुरुष जमवायचे म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी फोनाफोनी. तरुणांना सूर शिकवायचा तर जुन्या हज्जानचं रेकॉर्डिंग आजच करून ठेव, नव्याच्या सणापासून (ज्यू नववर्ष) योम किप्पूरपर्यंतचं (प्रायश्चित्ताचा उपवास) सगळं, कारण बाहेरचा शिक्षक आला की तो सेफार्दी (स्पेनकडच्या ज्यूंचा) किंवा येशिवातला (धर्मशाळेतला) सूर शिकवतो, वाईट नसतो, पण आपला नसतो. मलिदा हा आपला नवसाचा, आभाराचा विधीही तसाच, पोहे-खोबरं-साखरेचं ताट लावायला घरातल्या बायकांना येतं, एलियाहू हन्नावीचं (प्रेषित एलियाचं) गाणं पूर्ण म्हणणारे किती उरलेत ते मोज.

बायकांवरून आठवलं. कोणाला तयार करायचं याची तू जी यादी दिलीस तीत एकही मुलगी नाही! मिन्यानमध्ये बाई मोजत नाहीत हा धार्मिक प्रश्न आहे, त्यात मी पडत नाही. पण ऑडिट, सातबारा, शाळा, म्हाताऱ्यांची औषधं, यांना मिन्यान लागतं का? १९१३ साली डॉ. जेरुशा झिराडनी मुंबईत बेने इस्राएल स्त्री मंडळ काढलं, पुढे त्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या, १९६६ ला पद्मश्री. रिबेका रूबेन माझगावच्या आपल्या शाळेच्या हेडमिस्ट्रेस होत्या कितीतरी वर्षं. ती शाळा हाईम सॅम्युएल किहीमकरांनी १८७५ मध्ये सुरू केलेली इस्राएलाइट स्कूल, नंतर सर एली कदूरी नाव लागलं. डॉ. ई. मोझेस १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झाले, त्यांच्या नावाच्या रस्त्यावरून आपण रोज जातो. या सगळ्यांना कुठल्या सिनेगॉगच्या कमिटीने घडवलं नव्हतं. बाहेर स्वतःचं काम उभं केलेलं होतं, मग समाजात आले आणि त्यांना काम करू दिलं गेलं. तेव्हा तू शोधताना "धार्मिक आहे का, दर शब्बाथला (शनिवारच्या प्रार्थनेला) येतो का" एवढंच बघू नकोस. दर शब्बाथला न येणारी एखादी सीए मुलगी तुझ्या कामाची असेल.

भांडणांबद्दलही लिहिलंयस. ती होणार. १९१७ मध्ये एकाच वर्षात आपल्या एवढ्याशा समाजाने बेने इस्राएल कॉन्फरन्स आणि ऑल इंडिया इस्राएलाइट लीग अशा दोन अखिल भारतीय संघटना काढल्या होत्या, काही वर्षांत दोन्ही विरल्या. तेव्हा तुमच्या कमिटीत दोन गट आहेत याचं फार मनाला लावून घेऊ नकोस.

अमेरिकेचं म्हणशील तर तिथलं सगळं इथे आणू नये. तिथे फेडरेशन (शहरातल्या ज्यू संस्थांचा संघ), कम्युनिटी सेंटर, हिलेल (कॉलेजातल्या ज्यू मुलांची संस्था), यांना पगारी एक्झिक्युटिव्ह असतात, बोर्ड वेगळं, स्टाफ वेगळा, म्हणून २०१४ मध्ये लीडिंग एज नावाची आख्खी संस्थाच निघाली की पुढचे सीईओ कुठून आणायचे. आपल्याकडे पगारी म्हणजे शमाश आणि वॉचमन. पण एक गोष्ट मला तिथली पटली, मोइशे हाउस. २००६ ला ओकलंडला सुरू झालं. तरुण मुलं-मुली एका घरात राहतात, भाड्याला मदत मिळते, बदल्यात घरात शब्बाथचं जेवण, सण, वाचन असलं काहीतरी आपल्या वयाच्या लोकांसाठी करायचं. आधी शिकवून मग काम असं नाही, घर आणि बजेट हातात दिलं आणि कर म्हटलं. मुंबईत भाड्याचं जमणार नाही ते माहितीये. पण वर्षाचे पन्नास हजार रुपये तीन तरुणांच्या ताब्यात द्या, कशावर खर्च करायचे ते त्यांनी ठरवावं, हिशोब एजीएमला मांडावा, हे तरी जमेल? जॉइंट ही अमेरिकेतली ज्यू मदतसंस्था इथे १९६४ पासून काम करतेय, ओआरटी ही ज्यू शिक्षणसंस्था आहे, त्यांच्या यूथ ग्रुपमध्ये पोरं तयार होतात, ती चांगली असतात, फक्त तिथून सिनेगॉगच्या कमिटीत आली की पुन्हा खुर्च्या.

म्हाताऱ्यांना बाजूला कसं करायचं हा तुझा खरा प्रश्न आहे, सभ्यपणामुळे तू तसा लिहिला नाहीस एवढंच. बाजूला करू नकोस. किल्ली सोडायची भीती त्यांना का वाटते बघ. ज्या माणसाने मुलं परदेशात गेल्यावर तीस वर्षं रोज सकाळी येऊन दार उघडलं, त्याच्याकडून दार काढून घेतलं तर तो दिवसभर काय करणार? त्याला मान दे, सणाला हेखाल (तोरा ठेवायचं कपाट) उघडायचा मान, तोरा (धर्मग्रंथ) वाचायला बोलावताना पहिलं नाव, पाहुण्यांना इतिहास सांगायचं काम, आणि हे जाहीरपणे ठरावात लिही. सही मात्र हलव. दोन्ही एकाच मीटिंगमध्ये कर, आधी मान आणि मग सही, उलट केलंस तर फसेल.

गेलेल्यांनाही सोडू नकोस. लोद किंवा अश्दोदला बसलेला आपला जुना सेक्रेटरी व्हॉट्सअ‍ॅपवर एका मिनिटात सांगतो की अमुक ठराव कुठल्या साली झाला आणि फाइल कुठल्या कपाटात आहे. त्यांच्याकडून माहिती घे, एफसीआरए असेल तर पैसे घे, हिब्रू कागद वाचून घे. मत मात्र देऊ नका असं माझं मत, इथे राहून पाण्याचं बिल भरणाऱ्याने ठरवावं. यावर इथले काही जण मला आता झोडपतील, झोडपा.

तू सोमवारी एवढंच कर, सेक्रेटरींकडे ट्रस्ट डीड किंवा स्कीमची (ट्रस्ट कसा चालवायचा त्याच्या मंजूर नियमांची) प्रत माग. देणार नाहीत लगेच, चॅरिटी कमिशनरच्या ऑफिसातून नक्कल काढता येते, फी भरून अर्ज द्यायचा. त्यात सभासद कोण होऊ शकतो, मतदान कोणाला आणि ट्रस्टीची मुदत किती ही तीन कलमं बघ, कारण काही जुन्या डीडमध्ये मुदतच लिहिलेली नसते आणि तसं असेल तर मी वर लिहिलेलं दोन वर्षांचं काहीच लागू होणार नाही, आधी स्कीम बदलायला अर्ज करावा लागेल आणि त्याचा रस्ता वेगळा आहे. ती कलमं इथे टाइप करून टाक, नावं खोडून, मग बघते.