पोच म्हणजे परवानगी नाही, आधी हे वाचा आणि मगच बस ठरवा

तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. आठवीची ९० मुलं, शनिवारवाडा, आगाखान पॅलेस आणि मधे एक सरकारी कार्यालय, "पत्र दिलंय, पोच मिळाली आहे, आता बसचा ॲडव्हान्स देऊ का" हा तुमचा प्रश्न. नका देऊ. तीन वर्षांपूर्वी मी अगदी याच जागी होते.

पालकांची संमतीपत्रं, प्रथमोपचार पेटी, सोबत महिला शिक्षक वगैरे तुम्हाला माहीतच असणार, ते लिहीत नाही.

आम्ही दीड महिना आधी पत्र दिलं होतं. आवक-जावकला शिक्का मारून दुसरी प्रत परत मिळाली, मी ती फाइलला लावली आणि काम झालं असं धरून चालले. हीच माझी चूक. तो शिक्का फक्त एवढंच सांगतो की तुमचा कागद आमच्या इमारतीत आला, तो कुणी वाचला असं त्यात कुठेही नसतं. सहलीच्या दिवशी दोन बस, ८४ मुलं, गेटवर वॉचमन म्हणाला परवानगीपत्र दाखवा, मी पोच पुढे केली, तर म्हणाला मॅडम ही तर पोच आहे. वर गेले तर एका टेबलावर कळलं की पत्र दुसऱ्या विभागाला पाठवलंय, त्या विभागात कळलं की संबंधित क्लार्क रजेवर आहेत, साहेब मीटिंगमध्ये. खाली मुलं फुटपाथवर, ऊन चढलेलं, एका मुलीला चक्कर आली. पावणेदोन तास! आत घेणं जमत नसेल तर तसं सांगावं, पण नाही म्हणायलासुद्धा कुणी खाली आलं नाही. एका मुलाने वहीच्या पानावर प्रश्न लिहून आणले होते, पहिलाच होता "अर्ज आल्यावर तो सगळ्यात आधी कोण वाचतं?" तो कागद त्याने बसमध्ये घडी करून परत खिशात ठेवला, ते मला आजही विसरता येत नाही. कार्यालयाचं नाव घेत नाही, तिथे चांगली माणसंही असतील, पण राग आहे तो आहे.

म्हणून, जावक क्रमांक, तारीख, वेळ आणि मुलांची संख्या असलेलं त्यांचं उत्तर हातात आल्याशिवाय बस ठरवू नका. मुलांशी कोण बोलणार त्याचं नाव आणि नंबर घ्या, आदल्या दिवशी फोन करा, आणि त्या पत्राची एक प्रत गेटवर आधीच देऊन ठेवा. शनिवार धरू नका, २०२० पासून राज्याच्या कार्यालयांना ५ दिवसांचा आठवडा आहे. कलेक्टर ऑफिस असेल तर महिन्याचा पहिला सोमवार टाळा, त्या दिवशी लोकशाही दिन असतो, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकतात. आचारसंहिता लागणार असेल तर बेतच पुढे ढकला. हा सगळा माझा अनुभव आहे, प्रत्येक ठिकाणची पद्धत वेगळी असू शकते, शाळेच्या ऑफिसमध्ये विचारून घ्याच.

आता माझं स्पष्ट मत, पटलं नाही तर सोडून द्या. एका दिवसात तीनच्या वर ठिकाणं नकोत. शनिवारवाड्यात आत गेल्यावर मुलं विचारतात "वाडा कुठाय?", कारण १८२८ च्या आगीनंतर तटबंदी, दरवाजे आणि जोतीच उरली आहेत. वर्गात आधी नकाशा काढून दाखवा, नाहीतर "काका मला वाचवा" आणि भुतं एवढंच घेऊन मुलं घरी जातात. नारायणरावांचा खून १७७३ चा, तो सांगा ना, पण कारभार कसा चालायचा हेही सांगा. लाल महाल बघणार असाल तर आजची इमारत मूळची नाही, महापालिकेने नंतर बांधलेली आहे, हे मुलांपासून लपवू नका.

आगाखानला मात्र भरपूर वेळ ठेवा. माझी पद्धत अशी की समाध्यांपाशी मी आधी काही बोलत नाही, फक्त तारखा सांगते. गांधीजींना ९ ऑगस्ट १९४२ ला अटक झाली आणि त्यांच्यासोबत इथे ठेवलेले त्यांचे सचिव महादेवभाई देसाई १५ ऑगस्ट १९४२ ला गेले, म्हणजे आठवडासुद्धा झाला नव्हता. १५ ऑगस्ट ही तारीख ऐकून मुलं आपोआप गप्प होतात. कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ ला गेल्या, आणि गांधीजींची सुटका झाली ६ मे १९४४ ला, मधे जेमतेम अडीच महिने. हे हिशेब मुलांनाच करू द्या.

अजून एक, शनिवारवाडा आणि आगाखान दोन्हीकडे पुरातत्त्व खात्याचं तिकीट असतं, १५ वर्षांखालच्यांना लागत नाही. आठवीचा प्रश्न नाही, पण नववी-दहावी सोबत नेणार असाल तर जन्मतारखांसकट यादी शाळेच्या लेटरहेडवर ठेवा, खिडकीवर वाद होत नाही. आणि एसटीची शैक्षणिक सहलीची सवलत विचारा, खासगी बसपेक्षा खूप फरक पडतो.

तुम्ही दिलेल्या पत्राचा मजकूर शाळेचं नाव काढून इथे टाका, मी आज रात्री बघून काय वाढवायचं ते सांगते.