‘सेटिंग’, ‘स्थापना-काळ’ आणि ‘फेरपालट’

बेळगावच्या उद्यमबागेतील एका वाचकाने विचारले आहे की, त्यांच्या सर्किट बोर्डांच्या कारखान्यात एक जॉब संपून दुसरा सुरू होईपर्यंत मशीन थांबते, त्या वेळेला सगळे ‘सेटिंग’ म्हणतात, फलकावर मात्र ‘स्थापना-काळ’ लिहिले आहे. तर योग्य शब्द कोणता?

‘स्थापना’ गणपतीची होते किंवा संस्थेची. ‘मांडणी’ चालली असती, पण यंत्रे कुठे ठेवायची यासाठी तो शब्द आधीच खर्ची पडला आहे, आणि ‘जुळणी’ म्हणजे सुटे भाग जोडणे, अर्थात खुद्द उत्पादनच. ‘मशीन लावणे’ म्हटले तर ऐकणारा बटण दाबल्याचाच अर्थ घेतो. फीडरवर, म्हणजे मशीनला सुटे भाग पुरवणाऱ्या साधनावर, त्या भागांची नवी रिळे चढवणे, बोर्डावर सोल्डरचा लेप देण्याची जाळी म्हणजे स्टेन्सिल बदलणे, भट्टीचे तापमान नव्या बोर्डाप्रमाणे ठेवणे, या खटाटोपाला मी ‘मांडामांड’ म्हणेन. त्यात वेळ जात असल्याची किंचित कुरकुरही आपोआप येते.

मात्र एका जॉबवरून दुसऱ्यावर जाण्याला ‘फेरपालट’ हाच शब्द हवा. येळ्ळूरच्या शिवारात भातानंतर मसूर घेणाऱ्याला तो शिकवावा लागत नाही: पुढच्या पिकाची मशागत आधी काय होते यावर ठरते. मशीनचेही तसेच आहे. समजा, मशीनवर 30 रिळांची जागा आहे आणि तीन बोर्डांना प्रत्येकी 30 रिळे लागतात. पहिल्या दोहोंत 26 रिळे सारखी आहेत, तिसऱ्याशी मात्र दोघांचीही 5 च जुळतात. पहिला, दुसरा, तिसरा या क्रमाने 4 आणि 25, म्हणजे 29 रिळे बदलावी लागतील; तिसरा मध्ये घातला तर 50. जॉब तेच, मशीन तेच, फरक केवळ क्रमाचा. म्हणून ‘शेड्युलिंग’ला येथे ‘वेळापत्रक’ म्हणण्यापेक्षा ‘क्रम लावणे’ म्हणणे अधिक नेमके आहे.

जपानी कारखान्यांत यासाठी ‘दांदोरी’ हा रोजच्या व्यवहारातला, ‘कामाची आखणी-तयारी’ अशा अर्थाचा शब्द आहे. जपानी औद्योगिक अभियंते शिगेओ शिंगो यांनी मशीन थांबवूनच करावी लागणारी तयारी आणि मशीन चालू असताना करता येणारी तयारी वेगळी काढली. टोयोटातील 1000 टनी प्रेसची चार तासांची फेरपालट 1969 मध्ये आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आली. तयारीच्या या दोन प्रकारांना अनुक्रमे ‘आतली’ आणि ‘बाहेरची’ मांडामांड म्हणता येईल. पुढच्या जॉबची रिळे फीडरवर चढवून ट्रॉली आधीच तयार ठेवणे ही बाहेरची.

फलकावर ‘फेरपालटीचा वेळ’ लिहावे. बोलण्यातले ‘सेटिंग’ मात्र राहू द्यावे, कारण शेजारच्या मशीनवरचा कन्नडभाषक सहकारीही तेच म्हणतो.