जीझेड फाइल उघडायला स्वतः कोड लिहू की झेडलिब वापरू?

फायनल इयरचा प्रोजेक्ट म्हणतोयस म्हणजे लहानच असशील, अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस. तर तुला सी प्लस प्लसमधे डॉट जीझेड लॉग वाचायचेत, डीकंप्रेशन स्वतः लिहावं की झेडलिब ही तयार लायब्ररी घ्यावी हा प्रश्न, आणि झेडलिब लावून बघितली तर 'इनकरेक्ट हेडर चेक' येतंय.

झेडलिबच घे. शिकायला म्हणून लिही हवं तर, आरएफसी १९५१ मधे (जीझेडमधल्या डिफ्लेट ह्या कंप्रेशन पद्धतीचा मानक दस्तऐवज) सगळं दिलंय आणि लिहायला मजा पण येते, पण लोकांना द्यायच्या सॉफ्टवेअरमधे नको. झेडलिब १९९५ पासून आहे, इतकी वर्षं सगळ्या जगाने वापरून घासलीय तरी २०२२ मधे तिच्या इन्फ्लेटमधे, म्हणजे डीकंप्रेस करणाऱ्या फंक्शनमधे, बफर ओव्हरफ्लो (घेतलेल्या मेमरीच्या बाहेर लिहिलं जाणं) सापडलाच, १.२.१३ ला दुरुस्त झाला, मग तुझ्या-माझ्या कोडची काय कथा. आणि शेअर्डच लिंक कर, म्हणजे लायब्ररी बायनरीच्या आत न भरता (ते स्टॅटिक) सिस्टिममधली वापर, कारण तेव्हा ज्यांनी शेअर्ड वापरली होती त्यांचं एका सिस्टिम अपडेटमधे भागलं, स्टॅटिकवाले प्रत्येक बायनरी परत बिल्ड करत बसले. (२०२४ चं एक्सझेड ह्या दुसऱ्या कंप्रेशन लायब्ररीचं प्रकरण आठवून कोणीतरी म्हणेलच की शेअर्ड लायब्ररीतूनच बॅकडोअर, म्हणजे चोरदरवाजा, आला होता. आला होता, मान्य. पण म्हणून काय पीठ घरी दळायचं का?)

आता तुझा एरर. फाइलचे पहिले दोन बाइट हेक्समधे बघ, १एफ ८बी दिसले तर ते जीझिप. साधं इन्फ्लेटइनिट झेडलिबचं स्वतःचं हेडर शोधतं, ते ७८ ने सुरू झालेलं दिसतं बहुतेक वेळा, म्हणून ते तुझी फाइल दारातूनच परत पाठवतंय. इन्फ्लेटइनिट२ वापर आणि त्याच्या विंडोबिट्स ह्या पॅरामीटरला १५ अधिक १६ म्हणजे ३१ दे. ४७ दिलंस तर दोन्ही प्रकार आपोआप ओळखतं. झिप फाइलच्या आतला कच्चा, म्हणजे हेडर नसलेला, डिफ्लेट असेल तर उणे १५.

पण खरी गंमत पुढे आहे, ह्यात मी स्वतः पोळलोय. हिंजवडीत एका कंपनीत होतो, क्लायंटचे लॉग रोज एक जीझेड फाइल म्हणून यायचे आणि आमचा रिपोर्ट सकाळचा एकच तास दाखवायचा. एरर नाही, क्रॅश नाही, काही नाही. आम्ही दोन आठवडे क्लायंटलाच सांगत होतो की तुमच्याकडूनच कमी येतंय. शेवटी एका शनिवारी कोथरूडला घरी बसून झेडकॅट ह्या कमांडने फाइल उघडली आणि ओळी मोजल्या, तर आमच्या प्रोग्रॅमच्या कितीतरी पट, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. त्यांचा सर्व्हर दर तासाला नवीन जीझिप तुकडा त्याच फाइलच्या शेपटीला जोडत होता, जे जीझिपमधे पूर्ण कायदेशीर आहे, आणि इन्फ्लेट पहिला तुकडा संपला की स्ट्रीम एंड सांगून गप्प बसतं. पुढे बाइट उरलेत का हे आपण बघायचं, उरले असतील तर इन्फ्लेटरीसेट करून परत चालू. सोमवारी क्लायंटला मेल मीच लिहिली, काय लिहिलं ते विचारू नकोस.

तुला नुसती फाइल वाचायचीय ना, मग एवढ्या खोलात जाऊच नकोस, झेडलिबमधलीच जीझेडओपन आणि जीझेडरीड ही फंक्शन्स वापर, जीझेडरीड जोडलेले तुकडे स्वतःच सांभाळतं. फक्त फाइल जीझिप नसेल तर ते कुरकुर न करता आहे तसे बाइट देतं, तेवढं लक्षात ठेव.

आणि आउटपुटचा बफर किती घेऊ म्हणालास, तर फाइलच्या शेवटच्या चार बाइटमधे उघडल्यानंतरची साइज असते म्हणून त्यावर मेमरी घेऊन मोकळा होऊ नकोस, ती फक्त शेवटच्या तुकड्याची असते आणि ४ जीबीच्या पुढे गोल फिरून परत शून्यापासून मोजते. ६४ केबीचा बफर घे, लूपमधे वाच, आणि एकूण किती वाचायचं त्याला मर्यादा घाल, कारण डिफ्लेटमधे एका बाइटचे हजाराच्या वर बाइट होऊ शकतात आणि एक्स्टर्नलला येणारे सर नेमकी तसलीच फाइल देतील.

एवढं करून पण अडलं तर हेक्सडम्पच्या पहिल्या दोन ओळी टाक इथे. टेक्स्ट टाक, स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो नको.