आधी वायरिंग की आधी सोलर?

नमस्कार गुरुजी,

तुमच्या लांबलचक पत्राचा गोषवारा आधी देतो, म्हणजे बाकीच्या वाचकांनाही प्रश्न कळेल. यावल तालुक्यात तुमचं वडिलोपार्जित धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर आहे, मागच्या बाजूला नंतर बांधलेल्या दोन स्लॅबच्या खोल्या. वायरिंग १९८६ सालची, लाकडी पट्टीवरून गेलेली, मीटरखाली चिनी मातीचे फ्यूज. मागच्या जूनच्या वादळात खांबावरचा न्यूट्रल (विजेची परतीची तार) तुटला आणि एका संध्याकाळी फ्रिज, टीव्ही, पाण्याची मोटर तिन्ही गेली. वायरमनने सगळं नवं करायला १,४०,००० सांगितलेत. चिरंजीवांचं म्हणणं, त्याच पैशात ३ किलोवॅटचं सोलर बसवू, सबसिडी आहे, बिल शून्य होईल. आणि पैसा कुठून आणायचा तर सीनियर सिटिझन बचत खातं मोडायचं, असा तुमचा विचार आहे.

माझं मत: आधी वायरिंग, तीही अर्धीच, आणि सीनियर सिटिझन खात्याला हात न लावता.

सोलरचं आधी बोलू, कारण घरात वाद त्यावरूनच आहे. छपरावरचं साधं ग्रिडला जोडलेलं सोलर लाइन गेली की स्वतःही बंद पडतं. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. म्हणजे वादळात गाव अंधारात असेल तेव्हा तुमचंही घर अंधारातच. हे विक्रेता आपण होऊन सांगत नाही. शिवाय धाब्याच्या मातीत स्टँडचे पाय धरत नाहीत आणि मे-जूनचा वारा पॅनलच्या खालून शिरतो. तेव्हा जागा उरली ती मागच्या स्लॅबची, तुम्ही दिलेल्या मापाने २४० चौरस फूट. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट लागतात. ३ किलोवॅट तिथे मावतच नाही.

आणि मावायची गरजही नाही. तुमचा सरासरी वापर महिन्याला १३० युनिट, कूलरच्या दिवसांत २१०. ३ किलोवॅट महिन्याला साडेतीनशेच्या घरात युनिट तयार करेल. जादा युनिट पुढच्या महिन्यांत वळते होतात, पण वर्षाअखेर उरलेल्यांना किरकोळ दर मिळतो. पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅटला ७८,००० अनुदान आहे. तुमच्याकडच्या कोटेशनप्रमाणे ३ किलोवॅटचे १,९०,००० वजा अनुदान, म्हणजे खिशातून १,१२,०००. २ किलोवॅटचे १,३५,००० वजा ६०,०००, म्हणजे ७५,०००. बिलातला स्थिर आकार भरावाच लागतो, तो सोडून वर्षाला तेरा हजारांच्या आसपास वाचतील. मोठी सिस्टिम साडेआठ वर्षांत फिटते, छोटी सहाच्या आत. चिरंजीवांना एवढा हिशोब दाखवा. सोलर वाईट नाही, पण सडक्या वायरिंगला जोडायची वस्तू नाही ती.

आता वायरमनचा अंदाज. तो मी तीन भागांत मोडला. अर्थिंग, नवा डीबी (घरातल्या लाइनी वाटणारी पेटी), एमसीबी (जादा भार आला की लाइन तोडणारा स्विच), आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) आणि स्वयंपाकघर, न्हाणीघर, मोटर, कूलर यांच्या स्वतंत्र लाइनी: ६०,०००. राहिलेल्या खोल्यांची वायरिंग: ४५,०००. उरलेले ३५,००० बैठकीतल्या फॉल्स सीलिंगचे आणि त्यातल्या दिव्यांचे. शेवटचा आकडा खोडा. ती सजावट आहे, आणि धाब्याखाली सीलिंग ठोकलं की वरून गळणारं पाणी कुठे मुरतंय तेही दिसायचं नाही.

पहिला ६०,००० चा टप्पा मात्र अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत उरकून घ्या. जळगाव जिल्ह्यात पत्र्याचा कूलर, त्यात पाणी, ओल्या फरशीवर अनवाणी पाय आणि अर्थिंग नाही, ही जोडी दर उन्हाळ्यात कुणाचा तरी जीव घेते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी अशा वेळी क्षणार्धात लाइन तोडतो. फ्यूज ते करत नाही, आणि तुमच्या फ्यूजमध्ये तर, तुम्हीच लिहिलंय, तांब्याच्या जाड तारेचा पीळ घातलाय. तो कशालाच वितळणार नाही.

एक सावधगिरी. जुन्या वायरिंगवर आरसीसीबी बसवला की पावसाळ्यात तो सारखा पडतो, म्हणजे आपोआप बंद होतो, कारण ओल्या लाकडी पट्टीतून करंट झिरपत असतो. मग कुणीतरी येऊन "डायरेक्ट करून देतो" म्हणतं, म्हणजे आरसीसीबी वगळून लाइन जोडतं, आणि पैसे पाण्यात जातात. म्हणून जुन्या खोल्यांची लाइन तूर्त वेगळ्या आरसीसीबीवर टाकायला सांगा. ती पडली तरी स्वयंपाकघर चालू राहील, आणि ती पडते म्हणजे गळती आहे एवढं तुम्हाला समजेल. महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबून पाहा.

अर्थिंगचा खड्डा मोरीच्या पाण्याजवळ घ्या. आपली काळी जमीन एप्रिल-मेमध्ये भेगाळते, कोरडी पडते आणि नेमकी तेव्हाच अर्थिंग कुचकामी होते. आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतलं तरी फरक पडतो.

फ्रिज-टीव्हीचं नुकसान वेगळ्या कारणाने झालं होतं. न्यूट्रल तुटला की घरात २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. वायरमनने सुचवलेला सर्ज प्रोटेक्टर वीज कोसळल्यावर येणाऱ्या क्षणभराच्या झटक्यासाठी आहे, मिनिटभर टिकणाऱ्या जादा दाबापुढे तो कामाचा नाही. त्यासाठी ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर लागतो. यादीत तो नाही, घालून घ्या.

पैशाचं. सीनियर सिटिझन खातं उघडून चौदा महिने झालेत. आत्ता मोडलं तर मुद्दलाच्या दीड टक्का कापतील, ३ लाखांवर ४,५००. त्यातून लागतील तेवढेच काढता येत नाहीत, अख्खं खातं बंद करावं लागतं आणि पुढचं ८.२ टक्के व्याजही जातं. त्याऐवजी साध्या बचत खात्यातल्या ७०,००० मधले ३०,००० वापरा. उरलेले ४०,००० दवाखान्यासाठी राहू द्या. दुसरे ३०,००० सप्टेंबरमध्ये मुदत संपणाऱ्या लाखाच्या एफडीवर उचला. पाच महिन्यांचं व्याज हजाराच्या आसपास होईल आणि एफडी आपलं व्याज कमवत राहील. पतपेढीचं १३ टक्क्यांचं कर्ज घ्यायचं कारणच नाही. सप्टेंबरमध्ये एफडी सुटली की त्यातून उचल फेडा आणि राहिलेल्या खोल्यांचे ४५,००० भागवा. दिवाळीनंतर २ किलोवॅटचं सोलर बघू. सूर्यघर योजनेत त्यासाठी बँकेचं विनातारण कर्ज मिळतं, आणि योजना २०२६-२७ आर्थिक वर्षापर्यंत आहे.

विम्याचंही विचारलंत. भारत गृह रक्षा पॉलिसीत आग, वीज कोसळणं, वादळ, पूर येतात, ती जरूर घ्या. पण शॉर्टसर्किटने किंवा जादा दाबाने जळालेल्या त्याच यंत्राची भरपाई तिच्यात मिळत नाही. त्यातून आग लागून बाकी घराचं नुकसान झालं तर मिळते. म्हणजे मागच्या जूनचा फ्रिज पॉलिसी असती तरी तुमच्याच खिशातून गेला असता. अर्जात धाब्याचं छत आणि मातीच्या भिंती स्पष्ट लिहा, दावा करताना वाद नको.

काम शासकीय परवाना असलेल्या ठेकेदाराकडूनच करून घ्या, वायर आयएसआय मार्कची, आणि पक्कं बिल व टेस्ट रिपोर्ट हातात आल्याशिवाय शेवटचे दहा हजार देऊ नका.