चुन्याच्या जागी सिमेंट धरू देऊ नका

'चुन्याचा दर सूचीत (म्हणजे ठरलेल्या दरांच्या यादीत) नाही, सिमेंट धरावे' असा शेरा मारून तुमच्या ट्रस्टच्या मुंबईच्या फोर्ट भागातल्या गॉथिक इमारतीचं दुरुस्तीचं अंदाजपत्रक परत आलं, हे तुमच्या पत्रात वाचून रागच आला. आमच्या फाइलवरही जवळपास हेच वाक्य होतं.

परवानग्या, निविदा तुम्हाला ठाऊक असणारच. आम्हाला सगळ्यात महाग पडलं ते अंदाजपत्रक तपासणारं एक कार्यालय. त्यांच्या लेखी 'जुनी इमारत' हा एकच प्रकार. ओव्हल मैदानात उभं राहून बघा: पूर्वेला हायकोर्ट, राजाबाई टॉवर, सगळं दगडी गॉथिक, पश्चिमेला आर्ट डेको शैलीच्या आरसीसी, म्हणजे सळई-काँक्रीटच्या, इमारती. युनेस्कोने २०१८ साली दोन्ही एकत्र यादीत घेतल्या, पण दुरुस्ती एकसारखी कशी होईल? गॉथिकची टोकदार कमान भार खाली आणि बाजूलाही ढकलते, तो बाहेरचे धिरे, म्हणजे भिंतीला टेकू देणारे दगडी खांब, पेलतात. सांध्यातला चुना भिंतीची बारीक हालचाल सोसतो आणि ओल बाहेर सोडतो.

त्या कार्यालयाच्या हट्टापायी आमच्या दर्शनी भिंतीच्या दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, सिमेंटने भरल्या गेल्या. पावसाळ्यानंतर दरजा टणक, जशाच्या तशा. शेजारच्या पोरबंदरी दगडाच्या नक्षीवर मात्र बोट फिरवलं की भुकटी हाताला यायची. ओल सांध्यातून निघेना, म्हणून मऊ दगडातून निघाली, आणि क्षारांनी दगडाचे पापुद्रे उचलले. नंतर ते सिमेंट छिन्नीने काढताना कोरलेल्या पानांच्या कडा तुटल्या. अजूनही तिकडे बघवत नाही.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर नाही. कमानीला किंवा धिऱ्याला तडा असेल तर संवर्धनातल्या आर्किटेक्टलाच दाखवा. पण सिमेंटला ठाम नकार द्या. चुन्याच्या कामासाठी बाजारातली लेखी दरपत्रकं आणि दरविश्लेषण (माल-मजुरी धरून दर कसा काढला तो हिशेब) जोडा, उत्तर लेखीच मागा. साहेब बदलले की तोंडी बोलणं हवेत विरतं. जुन्या सांध्यातला नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या. चुना-वाळूचं प्रमाण कागदावर आल्यावर आमच्याकडे तरी 'चुना कशाला?' हे विचारणं बंद झालं.

आणि हो, आधी पन्हळी मोकळ्या करा. पिंपळ नुसता उपटू नका, आतलं मूळ पुन्हा फुटतं. चुन्याचं काम भर पावसात नको. मार्चअखेरच्या बिलासाठी कंत्राटदार घाई करेल, ऐकू नका; भरलेल्या दरजांवर ओली गोणपाटं टाकतो की नाही, ते रोज स्वतः जाऊन बघा.