द्राक्षे मिठाच्या पाण्यात धुतली की औषध निघते का? एका बागायतदाराच्या बहिणीचे उत्तर

प्रश्न असा आहे: नाशिकहून आलेली द्राक्षे चार वर्षांच्या मुलीला देण्यापूर्वी मिठाच्या किंवा खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात किती वेळ ठेवावीत, म्हणजे त्यांवरचे फवारणीचे औषध पूर्णपणे निघून जाईल?

पूर्णपणे निघून जात नाही. सालीवर जे बसलेले असते त्यातले बरेचसे जाते. वेलीने मुळांतून किंवा पानांतून शोषून घेऊन मण्यात उतरवलेले जात नाही, मग मीठ टाका, सोडा टाका किंवा हळद. मण्यांवर जो पांढुरका थर दिसतो आणि जो पाहून अनेक जण घाबरतात, ते औषध नसून द्राक्षाचे स्वतःचे मेण आहे. ते घासून काढण्यात वेळ घालवू नये.

हा प्रश्न वाचून मी थांबले, कारण ‘लोक धुऊन खातात’ हे वाक्य माझ्या माहेरी गेली अनेक वर्षे उत्तर म्हणून वापरले जाते आणि त्या वाक्यापायी माझे व माझ्या थोरल्या भावाचे दोन वर्षे बोलणे बंद होते. माझे माहेर निफाड तालुक्यात, कादवेच्या काठापासून फार दूर नाही. मी नाशिकमध्ये कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले. दादाने वडिलांनंतर बाग सांभाळली आणि ती उत्तम सांभाळली, हे मी आधीच सांगते.

२०१० पर्यंत आमची द्राक्षे युरोपात जात होती. निर्यातीसाठी नोंदवलेल्या प्लॉटची फवारणीची वही ठेवावी लागे. कोणत्या तारखेला कोणते औषध, किती प्रमाणात, काढणीला किती दिवस बाकी, हे सर्व दादा सुवाच्य अक्षरात लिहीत असे आणि पाहुण्यांना ती वही अभिमानाने दाखवत असे. त्या वर्षी मात्र युरोपात नाशिकच्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईड, म्हणजे आपल्याकडे ज्याला सीसीसी म्हणतात ते, मर्यादेपेक्षा अधिक सापडले आणि माल अडकला. आमचाही अडकला. सीसीसी हे कीटकनाशक नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर शेंडा आवरावा आणि काडीत घडनिर्मिती चांगली व्हावी म्हणून ते मारतात. दादाने ते एप्रिल छाटणीनंतरच मारले होते आणि वहीत लिहिलेही होते. ते वेलीत राहिले आणि पुढच्या फेब्रुवारीत घडातून निघाले. नेहमीच्या चाचणीत एकाच वेळी अनेक औषधांचे अंश शोधले जातात, त्यात हा पदार्थ सापडत नाही. त्याच्या रेणूवर कायमचा धनभार असल्यामुळे त्याला स्वतंत्र चाचणी लावावी लागते, आणि आमचा माल निघण्यापूर्वी ती कोणी लावली नव्हती. माल ज्याच्यामार्फत गेला होता त्याने नुकसानीचा सगळा भार आमच्या खात्यावर टाकला. ते कर्ज फेडायला दादाला पाच हंगाम लागले.

इथे तुमच्या प्रश्नाशी संबंधित एक गोष्ट आहे. सीसीसी पाण्यात अतिशय सहज विरघळते. तरीही ती द्राक्षे कोणी तासभर पाण्यात बुडवून ठेवली असती, तरी मण्याच्या आतले सीसीसी आतच राहिले असते.

त्यानंतर दादाने निर्यात सोडली. त्याचा राग मला समजतो, कारण नियम पाळून, वही लिहून माणूस बुडाला होता. पण निर्यातीबरोबर त्याने वहीही सोडली, ते मला समजले नाही आणि आजही पटत नाही. स्थानिक व्यापारी बागेत येतो, घड हातात घेऊन पाहतो, दोन मणी तोंडात टाकतो, चकाकी आणि गोडी पाहून सौदा करतो. शेवटची फवारणी कधी झाली, हे विचारणारा व्यापारी मी माझ्या माहेरच्या बागेत एकही पाहिलेला नाही.

पुढे एका फेब्रुवारीत अवकाळी पाऊस झाला, हवा ढगाळ राहिली, आणि त्यातच मिलीबग ही रस शोषणारी कीड घडात शिरली. मिलीबगच्या चिकट स्रावावर काळी बुरशी धरते आणि पेटीभर माल कवडीमोल होतो, हे बागायतदाराला सांगावे लागत नाही. दादाने मँकोझेब हे बुरशीनाशक आणि इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक, दोन्ही मारले. आठव्या दिवशी व्यापाऱ्याने माल काढला. त्याच खुड्यातली एक पेटी दादाने नेहमीप्रमाणे माझ्या मुलांसाठी नाशिकला पाठवली. वहिनीने फोनवर सहज सांगितले, “आताच फवारा झालाय, नीट धुऊन घे.”

मी धुतली नाहीत. म्हणजे अर्धीच धुतली. अर्धी मिठाच्या पाण्यात वीस मिनिटे ठेवून, पुन्हा साध्या पाण्यातून काढून, आणि उरलेली अर्धी जशीच्या तशी अशी दोन पाकिटे करून एका खासगी प्रयोगशाळेत स्वतःच्या पैशाने तपासून घेतली. मँकोझेब सालीवर राहणारे, स्पर्शजन्य. ते धुतलेल्या द्राक्षांत स्पष्टपणे कमी झाले होते. इमिडाक्लोप्रिड आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत शिरणारे; ते धुतलेल्या आणि न धुतलेल्या द्राक्षांत जवळपास सारखेच होते आणि दोन्हींत मर्यादेच्या वर होते. तो अहवाल घेऊन मी रविवारी माहेरी गेले. दादाने तो पूर्ण वाचला, घडी करून परत दिला आणि म्हणाला, “अगं, एवढी लोकं खातात, मेलं का कोणी? लोक धुऊन खातात.” मी म्हटले, “दादा, धुतलेल्याचाच आकडा दुसऱ्या पानावर आहे.” त्यानंतर दोन भाऊबिजा मी माहेरी गेले नाही.

मी केलेल्या दोन पाकिटांना प्रयोग म्हणता येणार नाही, परंतु नीट केलेले प्रयोगही याच दिशेला जातात. २०१७ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील संशोधकांनी सफरचंदांवर दोन औषधे लावून ती खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात, म्हणजे लिटरला १० ग्रॅम या प्रमाणात, १२ ते १५ मिनिटे ठेवली. फॉस्मेट ९६ टक्के निघाले. सालीत अधिक खोल शिरणारे थायाबेंडाझोल ८० टक्केच निघाले, आणि आत गेलेला भाग आतच राहिला. द्राक्षाला सफरचंदासारखी सोलून टाकण्याजोगी साल नाही. तेव्हा सोड्याचे पाणी करायचे असेल तर या प्रमाणात करा, पंधरा मिनिटे ठेवा आणि नंतर वाहत्या पाण्याखाली घड हलवून धुवा. मिठाने साध्या पाण्याहून फार काही अधिक होते असे मला वाटत नाही.

आता जे तुम्ही विचारले नाही आणि कोणीच विचारत नाही, ते लिहिते. ग्राहक जे धुतो तो शेवटचा अंश असतो. पहिला अंश फवारणाऱ्याच्या अंगावर पडतो. आमच्याकडे हंगामाला पेठ-सुरगाण्याकडून कुटुंबे येतात. पुरुष फवारणीची गन धरतात, बायका विरळणी करतात आणि संजीवकाच्या द्रावणात घड बुडवण्याच्या कामाला उघड्या हातांनी उभ्या राहतात. तोंडाला टॉवेल गुंडाळला की झाले, असे मानले जाते, आणि औषधाने भिजलेला टॉवेल कोरड्या टॉवेलहून घातक असतो, हे त्यांना कोणी सांगत नाही. संध्याकाळी दादाचा फवारणीचा शर्ट वहिनी घरच्या इतर कपड्यांबरोबर हाताने धूत असे; ते माझ्या सांगण्यावरून बंद झाले, एवढेच मला जमले. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले. त्यांच्यापैकी कोणी ते औषध खाल्ले नव्हते. फॉस्फरसयुक्त कीटकनाशके त्वचेतूनही शिरतात, नसांचा संदेश थांबवणारे विकर (एन्झाइम) बंद पाडतात, आणि मग घाम, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या व कोंडलेला श्वास अशी लक्षणे दिसू लागतात.

फवारणी संपली की टाकी आणि ब्लोअर, म्हणजे फवारणीचे यंत्र, ओढ्याच्या कडेला धुतात, कारण पाणी तिथे असते. ओढा कादवेला मिळतो, कादवा नांदूर मध्यमेश्वरला गोदावरीत. तेच पक्षी अभयारण्य महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून २०२० मध्ये जाहीर झाले आणि हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी तिथे उतरतात, तेव्हा आमच्या बागांत फवारणीचा ऐन हंगाम असतो. इमिडाक्लोप्रिडचा उघड्या शेतातील वापर युरोपीय संघाने मधमाश्यांच्या रक्षणासाठी २०१८ मध्ये बंद केला. धुऊन काढलेले औषध नाहीसे होत नाही, ते खालच्या गावाला जाते, हे मी वर्गात चाळीस मुलांना समजावू शकले, पण घरातल्या एका माणसाला समजावू शकले नाही.

काही गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या, त्या आता लिहिते. मी डॉक्टर नाही. मर्यादा ओलांडली म्हणजे खाणारा लगेच आजारी पडतो असे नाही. त्या मर्यादा बऱ्याच सुरक्षित अंतरावर आखलेल्या असतात, आणि युरोपात तर ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम हीच मर्यादा लागते. या भीतीने मुलीची फळे बंद करणे हे अधिक नुकसानीचे आहे. निर्यातीसाठी नोंदवलेल्या बागांत आजही वही लिहिली जाते आणि प्रतीक्षा काळ, म्हणजे शेवटची फवारणी ते काढणी यांतले ठरलेले दिवस, पाळला जातो; पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडून कोणते औषध काढणीच्या किती दिवस आधी थांबवायचे याची यादी मिळते. ‘सेंद्रिय’ या शब्दावरही डोळे झाकून विसंबू नका. मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण सेंद्रिय शेतीत चालते, पण त्यातले तांबे जमिनीत साठत जाते, म्हणूनच युरोपात हेक्टरी सात वर्षांत २८ किलो तांब्याची मर्यादा आहे. आणि माझा भाऊ वाईट माणूस नाही. प्रतीक्षा काळ संपेपर्यंत थांबलेल्या बागेला व्यापारी एक रुपयाही अधिक देत नसेल, तर थांबण्याचा तोटा एकट्या शेतकऱ्याने का सोसावा, हा त्याचा प्रश्न खरा आहे आणि त्याचे उत्तर माझ्याकडे नाही.

तरी तुम्ही एक करू शकता. ओझर-पिंपळगावच्या रस्त्यावर किंवा सोसायटीच्या दारात जो बागायतदार स्वतः पेट्या घेऊन उभा असतो, त्याला ‘गोड आहेत का’ याऐवजी ‘शेवटचे औषध कोणते आणि कोणत्या तारखेला मारले’ असे विचारा. वही असलेला माणूस तारीख सांगतो. त्याच्याकडून घ्या, आणि भावात घासाघीस करू नका. माझ्या भावालाही हा प्रश्न माझ्याखेरीज दुसऱ्या कोणीतरी, पैसे हातात धरून, विचारावा अशी माझी फार इच्छा आहे. त्याची जुनी वही वहिनीने अजून कपाटात ठेवली आहे आणि तिची शेवटची तीस-चाळीस पाने कोरी आहेत.