‘व्हेअरफोर’ म्हणजे ‘कुठे’ नव्हे!

नव्याने जुनं इंग्रजी वाचताय ना, मग पहिली ठेच इथेच लागते. ‘व्हेअर’ दिसलं की आपण ‘कुठे’ धरतो. शेक्सपिअरच्या नाटकात ज्युलिएट म्हणते, ‘व्हेअरफोर आर्ट दाऊ रोमिओ?’ ती रोमिओ कुठे आहे हे विचारत नाही. तू रोमिओच का, शत्रूच्या घराण्यातलाच का, असं विचारते. शंका आली की मराठी शब्द घालून वाक्य वाचा:

- व्हेअरफोर: का, कशासाठी
- व्हिदर: कोणीकडे
- व्हेन्स: कुठून

‘व्हेन्स’मध्ये ‘-ऊन’ आधीच आहे, त्यामुळे स्वतः लिहिताना त्याच्या आधी ‘फ्रॉम’ नको. (जुन्या ग्रंथांत सापडतं, बिचकू नका.)

‘दाऊ’ भारदस्त वाटतं, पण ते आपलं साधं ‘तू’. आदराला ‘यू’. क्रियापदांचे ‘-एस्ट’, ‘-एथ’ हे प्रत्यय सध्या राहू द्या.